शेड्यूल का कटलं? अंबडच्या टेबलावरून मंदी वाचायची पद्धत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या प्रेसशॉप, टूलरूम, पावडर कोटिंगवाल्यांची हिशेबाची आणि बँकेची कामं मी करते. एम.ए. केलं अर्थशास्त्रात, पोट भरलं जीएसटीवर. त्यामुळे शेड्यूल, म्हणजे मोठ्या कंपनीकडून येणारी मालाची मागणी, कटलं की लोक माझ्याकडे दोन कामं घेऊन येतात. एक, सीसीची (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाची) लिमिट वाढवून द्या. दोन, हे असं का होतंय ते सांगा. पहिल्याचे पैसे घेते, दुसरं फुकट सांगते. ते फुकटचं इथे लिहून काढलंय.

तयार उत्तरं प्रत्येकाच्या खिशात असतातच. चायना माल आला, पोरांना काम नको, सरकारनं मारलं. यातलं एखादं खरंही असेल. पण त्यातून एका शेडचं दुखणं कळतं, सगळ्या शेडना एकदम ताप का आला ते कळत नाही. एकानं काटकसर केली तर तो तरतो आणि सगळ्यांनी एकदम केली तर सगळेच बुडतात. हा हिशेब लावायचा असेल तर स्थूल अर्थशास्त्राशिवाय, म्हणजे सगळ्या देशाचा एकत्र हिशेब मांडल्याशिवाय, इलाज नाही. बारावीत ज्यांनी ते पाठ करून पेपर दिला आणि विसरले, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे.

आधी कागद काढा

मागच्या तीन वर्षांची जीएसटी रिटर्न, वीजबिलं आणि येणेकऱ्यांची यादी टेबलावर घ्या. यात सगळ्यात कामाचं वीजबिल. विक्रीचा आकडा फसवतो. पत्र्याचा भाव चढला की तेवढेच नग दाबूनही उलाढाल फुगते, मालक खूश, बँकही खूश. युनिट मात्र प्रेस जेवढी चालली तेवढीच पडतात. वहीत बारा महिने आडवे मांडा, वर रुपये लिहा, खाली युनिट. रुपये चढतायत आणि युनिट जागेवर आहेत, म्हणजे भाव वाढलाय, काम वाढलेलं नाही. सरकार चालू किमतींचं उत्पन्न आणि स्थिर किमतींचं उत्पन्न असे दोन आकडे देतं, त्यातला फरक तो हाच. डिमांड चार्जेस आणि पॉवर फॅक्टरचा दंड बाजूला ठेवा, मंदीशी त्यांचा संबंध नाही. आणि मध्ये जुनी मोटर बदलली असेल किंवा नवा कॉम्प्रेसर लावला असेल तर तेवढं समजून घ्या.

मग बाहेर बघा. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांची पाहणी करून स्थापित क्षमतेपैकी किती वापरली जाते ते छापते. टाळेबंदीच्या तिमाहीत तो आकडा ५० टक्क्यांच्या खाली गेला होता. एरवी गेली कित्येक वर्षं तो साधारण ७० ते ७७ च्या आसपास घुटमळतोय. म्हणजे चारातलं एक यंत्र उभंच. तुमची विजेची युनिट घसरलीयत आणि देशाचा आकडा जागेवर आहे, तर दुखणं तुमचं किंवा तुमच्या गिऱ्हाइकाचं. दोन्ही घसरले तर मंदी. आणि दोन्ही वर्षानुवर्षं हलतच नसतील, नफा बरा असूनही कुणी नवं यंत्र घेत नसेल, तर ते साचलेपण. ते मंदीपेक्षा चिवट असतं, कारण कुणाचंच घर जळत नाही, त्यामुळे कुणी बादली घेऊन धावत नाही.

चार खण

देशाचा एकूण खर्च चार खणांत मांडतात. घरांचा खर्च, गुंतवणूक, सरकारचा चालू खर्च, आणि निर्यातीतून आयात वजा करून उरेल ते. भारतात पहिला खण साधारण ६० टक्क्यांचा, दुसरा ३० च्या आसपासचा. सरकारचे रस्ते-पूल आणि लोकांची नवी घरंही दुसऱ्यातच मोजतात. मोठा खण पहिला असला तरी सगळ्यात जास्त हेलकावे खातो दुसरा. जेवण पुढे ढकलता येत नाही, व्हीएमसीसारख्या महागड्या यंत्राची खरेदी पुढे ढकलता येते. २०११-१२ मध्ये स्थिर भांडवली गुंतवणूक देशाच्या उत्पन्नाच्या ३४ टक्क्यांच्या आसपास होती, २०१९-२० पर्यंत ती ३० च्या खाली आली. अंबडला जे जाणवत होतं ते एवढ्या एका ओळीत आहे.

इथे मालक मंडळी हमखास वाद घालतात. "मॅडम, गुंतवणूक कुठे थांबलीये? मी परवाच गंगापूर रोडला प्लॉट घेतला." घेतलात, छान केलंत. पण तो प्लॉट आधीपासून तिथेच होता. तुमचे पैसे विकणाऱ्याकडे गेले, त्याचा सातबारा तुमच्याकडे आला, देशात नवं काहीच उभं राहिलं नाही. शेअर बाजारातून जुने शेअर घेतले तरी तेच. यंत्र घेतलं असतं तर ते कुणीतरी बनवलं असतं, कुणीतरी ट्रेलरवर घालून आणलं असतं, कुणीतरी फाउंडेशन भरलं असतं आणि चालवायला एक पोरगा लागला असता. प्लॉट विकणाऱ्यानं त्या पैशातून काही नवं बांधलं तर गोष्ट वेगळी. पण बहुधा तोही दुसरा प्लॉटच बघत असतो. नफा होतोय आणि कारखाना वाढत नाही, हे कोडं नाशिकमध्ये सोडवायचं तर पाथर्डी फाट्यापासून मखमलाबादपर्यंत एक चक्कर मारून यावी.

कागदावर एक गाव बसवा

हे गणित प्रत्येकानं एकदा हातानं करावं. वाचून पटत नाही, केलं की पटतं.

एक गाव धरा. सरकार नाही, परदेश नाही, बँक नाही. एकूण उत्पादन १०० रुपये. त्यातले ६० पगारात जातात, ४० नफा. कामगार मिळतं तेवढं सगळं खर्च करतात. मालक १५ रुपये घरात खर्च करतात आणि २५ रुपयांची यंत्रं घेतात. ६० अधिक १५ अधिक २५, शंभर. माल सगळा खपला.

आता मालकांना पुढचं काही खरं दिसत नाही, म्हणून यंत्रांचा खर्च २५ वरून १५ वर आणला. वाटतं की गाव १० रुपयांनी आकसेल. तसं होत नाही. दहाची यंत्रं खपली नाहीत म्हणून यंत्रवाल्यांचे कामगार घरी बसले. त्यांनी किराणा कमी घेतला, किराणावाल्यानं माल कमी भरला, आणि हे चक्र फिरत फिरत जिथे थांबतं ते असं: उत्पादन ७५, पगार ४५, नफा ३०. ताळा करून बघा, ४५ अधिक १५ अधिक १५, पंचाहत्तर. दहा रुपये कमी खर्च केले, पंचवीस रुपयांचं गाव आटलं. नफा ४० चा ३० झाला, म्हणजे मालकांनी जेवढे वाचवले तेवढेच त्यांच्याच नफ्यातून गेले.

पुढची पायरी जास्त टोचते. नफा पडला म्हणून मालकांनी पगार कापले. आधी १०० तले ६० पगाराला जात होते, आता ५०. मालकांचा खर्च तोच, १५ आणि १५. आता गाव कुठे थांबतं? उत्पादन ६०, पगार ३०, नफा ३०. नफा एक रुपयानं वाढला नाही. पगार ४५ वरून ३० वर आले, माल ७५ वरून ६० वर आला आणि नफा होता तिथेच.

एका प्रेसशॉपवाल्या भाऊंना हे करून दाखवलं होतं. ते म्हणाले, "मी दोन पोरं कमी केली, ओव्हरटाइम बंद केला, तरी हातात तेवढंच उरतंय." मी विचारलं, "शेजारच्या गाळ्यानं काय केलं भाऊ?" तर म्हणाले, "त्यानं पण तेच." मग माझ्याकडचा कागद घेऊन त्यांनी आकडे बदलून स्वतः करून बघितलं, चहा गार झाला तरी सोडेनात.

हे गणित मायकेल कलेत्स्की या पोलिश माणसाचं. घरची परिस्थिती बिघडली म्हणून इंजिनिअरिंग अर्धवट सुटलं, अर्थशास्त्र स्वतःच शिकला. १९३३ साली त्यानं पोलिश भाषेत जे मांडलं, ते इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्सनं १९३६ साली इंग्रजीत वेगळ्या वाटेनं मांडलं, आणि नाव केन्सचं झालं. कलेत्स्कीचं म्हणणं थोडक्यात असं, की कामगार मिळवतो तेवढं खर्च करतो आणि मालक खर्च करतात तेवढा सगळ्या मालकांना मिळून नफा होतो. सगळ्या मालकांना मिळून, हे महत्त्वाचं. एकटा मालक खर्च वाढवून आपला नफा वाढवू शकत नाही, कारण तो पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो. म्हणून प्रत्येक जण वाट बघतो, आणि सगळे वाट बघत राहिले की होते ती मंदी.

गावात सरकार आणि परदेश आणून बसवले की नफ्याला आणखी दोन झरे लागतात, सरकारची तूट आणि निर्यातीतला शिल्लक भाग. कामगारांनी बचत केली तर तेवढा नफा कमी होतो, त्यांनी कर्ज काढून खर्च केला तर तेवढा वाढतो. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एक अट मात्र सांगते. ज्यांचा बराच माल बाहेर जातो त्यांच्या बाबतीत पगार कमी झाल्यानं निर्यात वाढू शकते आणि हिशेब उलटाही फिरू शकतो. अमित भादुरी आणि स्टीफन मार्गलिन या अर्थतज्ज्ञांनी १९९० साली नेमकं हेच वेगळं करून दाखवलं, की कुठली अर्थव्यवस्था पगारानं ओढली जाते आणि कुठली नफ्यानं. त्यामुळे हे गणित करून लगेच झेंडा घेऊन रस्त्यावर उतरू नका.

कुणाला काय विचारायचं

सिद्धांतांची भांडणं वाचताना लोक एक चूक करतात, सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या प्रश्नाचं असतं.

फ्रान्समधल्या से नावाच्या अर्थतज्ज्ञानं १८०३ च्या सुमारास सांगितलं, की माल तयार करतानाच तो विकत घेण्याइतकं उत्पन्न वाटलं जातं, त्यामुळे सगळ्याच मालाचा एकदम तुंबा होऊ शकत नाही. इंग्रज अर्थतज्ज्ञांपैकी रिकार्डोला पटलं, माल्थसला पटलं नाही, दोघे पत्रांतून वर्षानुवर्षं भांडले. मिळालेलं उत्पन्न खर्च होईलच, हे त्यात गृहीत धरलंय. पैसा हातात धरून बसता येतं आणि पुढचं दिसत नसेल तर माणूस तेच करतो, इथे केन्सनं बोट ठेवलं.

मार्क्सकडे जायचं ते भांडवलशाहीचा स्वभाव समजून घ्यायला. गरज आहे म्हणून कारखाना चालत नाही, पैशाचा जास्त पैसा होतो म्हणून चालतो. लोकांना घरं हवीत, बिल्डरकडे सिमेंट आहे, मजूर नाक्यावर उभे आहेत, आणि तरी काम बंद. कारण मार्जिन नाही. यात वेडेपणा कुणाचाच नाही, व्यवस्थाच तशी आहे. शिवाय एका गोष्टीकडे तो पुन्हा पुन्हा लक्ष वेधतो. मालकाला स्वतःचा कामगार खर्च वाटतो आणि दुसऱ्याचा कामगार गिऱ्हाईक वाटतो. वर गावाचं गणित केलंत ना, त्यात हेच होतं. यंत्रांचा वाटा वाढत गेला की नफ्याचा दर घसरत जातो, हे त्याचं दुसरं म्हणणं मात्र मी जपून वापरते. १९६१ साली ओकिशिओ या जपानी अर्थतज्ज्ञानं दाखवलं, की खऱ्या पगारात बदल झाला नाही तर खर्च वाचवणारं यंत्र नफ्याचा दर वाढवतं. वाद अजून मिटलेला नाही. आपलं काम त्यावाचून अडत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या हाती बाजार गेला की काय होतं, ते जोसेफ श्टाइंडल या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञानं १९५२ साली सांगितलं. मागणी घटली तर छोटा माणूस भाव पाडतो, मोठी कंपनी भाव धरून ठेवते आणि उत्पादन कमी करते. मग तिच्याकडे आधीच रिकामी क्षमता पडलेली असते, तर ती नवी का उभारेल? नफा आहे, पैसा आहे, गुंतवणूक नाही. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीनं नोंदवलंय, की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा देशाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात १५ वर्षांतल्या सर्वांत वरच्या पातळीवर होता आणि त्यांची नोकरभरती मात्र जेमतेम वाढली. श्टाइंडल वाचून झाल्यावर हे वाचलं की आश्चर्य वाटत नाही, राग येतो.

ॲल्विन हॅन्सन या अर्थतज्ज्ञानं १९३८ साली अमेरिकेत दीर्घकालीन कुंठिततेची भीती घातली. लोकसंख्या कमी वाढतेय, नवी जमीन संपली, मोठे शोध लागत नाहीत, मग गुंतवायचं कशात? पुढे युद्ध झालं, त्यानंतर पाळणे हलले आणि त्याचं भाकीत मागे पडलं. २०१३ मध्ये अमेरिकेतलेच अर्थतज्ज्ञ लॅरी समर्स यांनी तेच पुन्हा बाहेर काढलं. आपल्याकडे ते जसंच्या तसं चिकटवणाऱ्यांपासून सावध राहा. आपल्याकडे माणसं कमी नाहीत, काम कमी आहे.

सोलो (त्याचा वाढीचा १९५६ चा नमुना) आणि शुम्पीटर ही अर्थतज्ज्ञ मंडळी दुसऱ्या प्रश्नाची. लांब पल्ल्यात तंत्रज्ञानानं वाढ होते, जुनं मोडून नवं येतं. डिझेल इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या नाशिकच्या वेंडरना याचा अर्थ सांगायला नको. पण तुमचा भागच जुना झालाय की सगळ्यांचीच मागणी आटलीये, हे आधी ठरवा. पहिल्याला उपाय नवा डाय (भाग काढायचा साचा), दुसऱ्याला नवा डाय म्हणजे नवं कर्ज.

बँकेचा खण

नाशिकरोडला नोटा छापतात, म्हणून पैसा तिथे तयार होतो असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. व्यवहारातला बहुतेक पैसा बँकेच्या खात्यात तयार होतो. तुमची सीसी मंजूर झाली, तुम्ही त्यातून पत्रेवाल्याला दिले, त्याच्या खात्यात नवी ठेव आली. ती आधी कुणाचीच नव्हती. तुम्ही फेडलीत की तेवढा पैसा नाहीसा झाला. म्हणून सगळे एकदम फेडायला बसले की बाजार कोरडा पडतो. जपानमध्ये १९८९ च्या शेवटी शेअर बाजार शिखरावर होता, पुढे जमीन आणि शेअर दोन्ही कोसळले आणि कंपन्या वर्षानुवर्षं कर्जच फेडत बसल्या. व्याज शून्यावर आणलं तरी कुणी घेईना. रिचर्ड कू हा अर्थतज्ज्ञ जपानची मंदी अशीच समजावतो.

तुमच्या शेजारचे गाळे कर्जाच्या बाबतीत कसे आहेत ते मिन्स्की या अमेरिकन अर्थतज्ज्ञाच्या पद्धतीनं पाहा. पहिल्या प्रकारचा वेंडर धंद्यातून मुद्दल आणि व्याज दोन्ही भरतो. दुसरा व्याज भरतो, मुद्दल दर वर्षी रिन्यू करून घेतो. तिसऱ्याला व्याज भरायलाही नवं कर्ज किंवा प्लॉटची विक्री लागते. चांगल्या वर्षांत पहिल्या प्रकारातले लोक हळूहळू दुसऱ्यात सरकतात, दुसऱ्यातले तिसऱ्यात. बँकही हात सैल सोडते, कारण कालपर्यंत कुणी बुडालेलं नसतं. ज्या गल्लीत तिसऱ्या प्रकारचे जास्त, तिथे उधारी देऊ नका.

या खणात उधारीचाही हिशेब घ्या. एक मोठा खरेदीदार माझ्या एका गिऱ्हाइकाला नव्वद दिवसांनी पैसे द्यायचा, आणि तेही डेबिट नोट लावून, म्हणजे बिलातून काही रक्कम कापून. कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. तरी उशीर होतोच. स्थूल नजरेनं बघा, छोटा गाळा सीसीचं व्याज भरून मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतोय. गुंतवणूक कुठून करणार तो?

२०१९ वर सराव करा

पद्धत बसली का ते बघायला २०१९ सारखं वर्ष नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी थकली, त्यानंतर बिगर बँक वित्त कंपन्यांचा पैसा आटला आणि गाडीचं कर्ज मिळेनासं झालं. त्यात बीएस-सहा हे गाड्यांच्या धुराचं नवं मानक १ एप्रिल २०२० पासून लागू होणार होतं, म्हणून गिऱ्हाईक थांबलं. अंबड-सातपूरच्या शिफ्टा कमी झाल्या. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.१५ वर आणला. २० सप्टेंबरला सरकारनं कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के केला, नव्या उत्पादक कंपन्यांना १५.

आता वही उघडून लिहा. कुठल्या खणात पाणी कमी होतं आणि कुठल्या खणात ओतलं? कमी होतं ते गाडी घेणाऱ्या घरांच्या खणात. दिलं ते कंपन्यांच्या नफ्याला. क्षमतेचा वापर तेव्हा ७० टक्क्यांच्या आसपास होता. तीस टक्के यंत्र उभं असताना कर वाचला म्हणून एकतिसावं कोण घेईल? गावाचं गणित आठवा. कर वाचल्यानं मालकाचा खर्च वाढला तरच चक्र फिरतं. त्या वर्षी वाढीचा दर ४ टक्क्यांच्या आसपास राहिला, आणि त्यात कोविडचा वाटा शेवटच्या थोड्या दिवसांपुरताच होता. करकपातीची बाजू घेणारे म्हणतात की तिचा परिणाम लांब पल्ल्याचा होता, मध्ये साथ आली. असू शकतं. मला ती चुकीच्या खणात ओतलेली बादली वाटते.

कांदा विसरू नका

केन्स वाचून झाल्यावर माणसाला वाटतं, मागणी वाढवा, सगळं सुटेल. कलेत्स्की १९५९-६० मध्ये भारतात येऊन राहिला होता, आणि गरीब देशांबद्दल त्यानं वेगळं सांगितलं. इथे यंत्रं रिकामी असली तरी धान्य-भाजी रिकामी पडलेली नसते. मजुरांच्या हातात पैसा आला की आधी जेवण सुधारतं, पीक तेवढ्या वेगानं वाढत नाही, भाव चढतात आणि आलेला पगार महागाई खाते.

नाशिककराला हे लासलगावात दिसतं. २०१२ च्या पायावरच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. कांदा-टोमॅटो चढला की महागाई चढते, ती ४ टक्क्यांजवळ ठेवायची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर, म्हणून व्याजदर खाली येत नाही आणि अंबडच्या सीसीला त्याचा भुर्दंड. पुन्हा महागाई उतरवायला सरकार निर्यातीला हात घालतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं, डिसेंबरात थेट बंदी, ती मे २०२४ मध्ये उठली. शहरातल्या पिशवीचा भार हलका झाला, निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याच्या हातचा पैसा गेला. तोच शेतकरी ट्रॅक्टर आणि मोटरसायकल घेतो, आणि त्याचे सुटे भाग कुठे बनतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून माझ्याकडच्या गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांना मी बाजार समितीचे भाव बघायला लावते.

आता मघाची ती ओळ, कामगारांच्या कर्जाची. गावाच्या शेवटच्या स्थितीत, जिथे उत्पादन ६० आणि नफा ३० होता, कामगारांना ५ रुपये कर्ज काढून खर्च करू द्या. उत्पादन ७० होतं, पगार ३५, नफा ३५. मालक म्हणतील बघा, पगार न वाढवता धंदा वाढला. पुढच्या वर्षी हप्ते सुरू झाले की तोच आकडा उलट्या चिन्हानं येतो. २०२२-२३ मध्ये देशातल्या घरांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आसपास आली होती, कित्येक दशकांतली नीचांकी. तुमच्या शेडमध्ये किती पोरांचे मोबाईलचे हप्ते चालू आहेत, किती जणांनी बायकोचं सोनं ठेवलंय, ते पगाराच्या दिवशी उचल मागायला कोण येतं त्यावरून कळतं. सणासुदीची विक्री बघून हुरळण्याआधी ते बघा.

सिंहस्थाचं काय

सध्या सगळ्यांचा हाच प्रश्न. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल, पाण्याची कामं निघतायत, तर शेड वाढवायची का? हा पैसा नाशिकच्या बाहेरून येतो, म्हणजे आपल्या गावात नवा खर्च. हे चांगलंच. मग विचारायचं, त्यातला किती इथे टिकतो? सिमेंट आणि लोखंड बाहेरून, मुख्य ठेकेदार बहुधा बाहेरचा, त्याचा नफाही बाहेर. इथे उरतं ते मजुरी, खडी-वाळू, वाहतूक, फॅब्रिकेशन, जेवणखाण. तेवढा पैसा गावात दोन-तीन हात फिरेल. आणि हे काम एकदाच आहे. पुढच्या वर्षी सरकारनं तेवढाच खर्च पुन्हा केला नाही तर तुमचं काम नुसतं वाढायचं थांबणार नाही, तेवढ्यानं खाली जाईल.

म्हणून फॅब्रिकेशनवाल्यांना मी सांगते, वेल्डिंग मशिन भाड्यानं घ्या, माणसं ठेक्यावर लावा, शेडचं कर्ज काढू नका. जे यंत्र सिंहस्थ संपल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाला चालेल तेवढंच विकत घ्या. ऑर्डर घेताना ॲडव्हान्स घ्या, उपठेकेदाराचे पैसे मुख्य ठेकेदाराचं बिल पास होईपर्यंत लटकतात, आणि बँकेला ती रक्कम येणे म्हणून दाखवलीत तरी ९० दिवसांनंतर ती बहुधा ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून उचलता येणाऱ्या रकमेत, धरत नाहीत.